मिशीआडचे शब्द

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आज आठवण आली ती देहूरोडच्या एका आजोबांमुळे. मी लहान मुलांचे कान तपासते, त्यांना ऐकण्याचं मशीन बसवते. हे आजोबा नातवाला मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "आमच्यात समदी उशिराच बोलत्यात." माझ्या आजोबांनी तुम्हाला हेच ऐकवलं होतं, याच शब्दांत. असं कुणी म्हटलं की मी पुढचा प्रश्न विचारते. आज जरा वेळ लागला.

तुमची बालवाडी तुंगार्लीत, एका बंगल्याच्या मागच्या खोलीत होती. बंगला राखणाऱ्या नेपाळी जोडप्याचा मुलगा, किराणावाल्या चाचांची मुलगी, पायाला पट्ट्यांचे बूट घालणारा एक जण आणि आम्ही शेतकऱ्यांची पोरं. बडबडगीतात सगळ्यांचे हात वर गेले की मग माझे जातात, हे तुमच्या लक्षात आलं. घरी मला घुमी म्हणत. ट्रकचा हॉर्न वाजला की मी दचकायचे, आईनं चुलीपाशी समोर बसून काही सांगितलं की लगेच करायचे, आणि आजोबांनी हाक मारली की ढिम्म. म्हणजे पोरगी माजोरी, असं घरात ठरून गेलं होतं. आज मला कारण सांगता येतं. जाड आवाज मला ऐकू येत होते, बारीक येत नव्हते. बोलण्यातले स, च, त गळून जात. उरलेलं मी ओठांवरून उचलत होते.

तुम्ही आमच्या पडवीत बसला आहात. तोंडापुढे पदर धरून मला म्हणता, चमचा आण. मी नुसती बघत उभी. पदर खाली करून तेच म्हणता, मी आत जाऊन चमचा आणते. (हा शब्द मुद्दाम निवडला होता का? त्यातला म ओठांवर स्पष्ट दिसतो.)

"आबा, आता तुम्ही सांगा."

आजोबा सांगतात. मी हलत नाही.

"बगा! सोंग हाय समदं. आईचं बरं ऐकू येतं हिला?"

"आबा, मिशी वर धरा आणि परत म्हणा."

"बाई, तुमी पोरं शिकवा. न्हाव्याचा धंदा कशाला?"

"एकदाच."

आजोबा दोन बोटांनी मिशी उचलतात, "चमचा आण" म्हणतात, आणि मी चमचा आणायला वळते. आई पदर तोंडात कोंबून आत पळते. आजोबा हसत नाहीत. माझ्या हातून चमचा घेतात. मग म्हणतात, "पुण्याला दावू डागदरला. पण मिशी कापायची न्हाई, आदीच सांगतो."

"कापा कोण म्हणतंय? धरून बोलत जा."

मी पहिलीत जायच्या आत हे झालं, त्याचा अर्थ मला कामावर रोज दिसतो. भाषा पकडायचं वय निघून गेल्यावर येणारी मुलं मशीन लावूनही शब्दांसाठी झगडतात. मी त्यांच्यातली झाले नाही, ते तुमच्यामुळे. आणि मशीन येईपर्यंत तुम्ही मला वेगळं बसवलं नाहीत, सगळ्या वर्गालाच गोलात बसवलंत, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचं तोंड दिसेल. प्रत्येक गाण्याला हातवारे आले. मराठी न येणारा नेपाळी मुलगा त्या गोलात माझ्याही आधी बोलायला लागला. हे माझ्यासाठी चाललंय, हे कुणाला कळलं नाही. मलाही नाही.

आजच्या आजोबांना मी 'थांबून बघू, चार महिन्यांनी या' असं म्हणाले नाही. तपासणी आजच केली. मुलाला मशीन लागणार आहे. त्यांना मिशी नव्हती.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. मशीन लावून मी पहिल्यांदा वर्गात आले तेव्हा तुम्ही माझ्यासमोर उकिडव्या बसून विचारलंत, "ऐकू येतंय ना गं?" मी मान हलवली आणि तुम्ही डोळे पुसलेत. खरं तर पंखा, बांगड्या, बाकीच्यांचा कालवा, सगळं एकदम कानांत शिरलं होतं. त्यात तुमचा आवाज कुठला, ते मला ओळखता आलं नाही. तुमचा प्रश्न मी नेहमीसारखाच ओठांवरून वाचला होता.