मतमोजणीच्या दिवसाचा फोटो

पुणे
४ मे २०२४

ती. नूतनताईस,
अश्विनचा सप्रेम जय भीम. वि. वि.

पत्र बघून तुला वाटेल, याचा फोन हरवला. हरवला नाही. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो, आणि फोटो पाठवायचेच होते, म्हणून म्हटलं या वेळी कागदावर भांडू.

सोबत आईचे दोन फोटो आहेत. म्हणजे फोटो एकच, दीड वर्षापूर्वी कुरखेड्याच्या तहसीलसमोर मतमोजणी संपल्यावर मी काढलेला. एक प्रत रंगीत, एक कृष्णधवल. इथे मोठं प्रदर्शन आहे. मी ज्यांच्या हाताखाली शिकतो ते सर म्हणतात की याच्यापेक्षा चांगला फोटो तू आजवर काढलेला नाहीस, फक्त रंगात द्यायचा की रंग काढून ते ठरव. त्यांचं म्हणणं असं, की रंगीत फोटोत माणूस आधी गालावरचा निळा गुलाल बघतो, मग मागची पिवळी भिंत, मग खैरुनचाचीची हिरवी ओढणी, आणि आईच्या डोळ्यांपर्यंत पोचतो तेव्हा दमलेला असतो. रंग काढले की थेट डोळेच दिसतात. मला ते पटतं. तरी तीन दिवस दोन्ही भिंतीला लावून बघतोय आणि ठरत नाही.

आईला दाखव आणि तिचं म्हणणं कळव. तिचंच कळव, तुझं तिच्या तोंडी घालू नकोस. तुझ्या शाळेला सुट्टी लागली म्हणजे आता घरातल्या कोंबड्याही रांगेत चालत असतील. तिकडच्या उन्हात आईला गावभर फिरू देऊ नकोस, सरपंच असली तरी.

लोभ आहेच, या पत्राने तो कमी न व्हावा.
तुझा,
अश्विन


ता. कुरखेडा
१६ मे २०२४

चि. अश्विन यास,
अ. उ. आ.

फोटो पोचले. कोंबड्या मजेत आहेत. आई उन्हाची फिरतेच, मी सांगून ऐकायला ती काही माझ्या वर्गात नाही.

रंगीत फोटो तिने हातात घेतला, पदराने पुसला आणि फळीवर बाबांच्या फोटोशेजारी ठेवला. दुसरा बराच वेळ धरून बसली. मग मला विचारलं, की हे कोणतं दुखणं झालं होतं मले, अशी काऊन दिसून राह्यली मी. मी सांगितलं, आई, हाही तोच फोटो, फक्त रंग काढलाय. त्यावर ती म्हणाली, की निळा गुलालच काढला तं मंग मी काऊन रडून राह्यली हे लोकायले कसं समजन. अश्विन, तिचा प्रश्न आहे तसा तुला पाठवते.

पुण्यात राहून विसरला असशील म्हणून लिहिते. त्या ग्रामपंचायतीच्या ऑफिसात तिने अकरा वर्षं झाडू मारला. खुर्च्या पुसल्या, एकीवरही बसली नाही. नऊ मतांनी निवडून आली आणि खैरुनचाचीने गुलालाची मूठ तिच्या गालाला फासली, तेव्हा ती रडली. बाबा गेले तेव्हासुद्धा ती चारचौघांत रडली नव्हती. तिच्या जन्मातला तो एकच दिवस असा आहे की ती आनंदाने रडली, आणि तुझ्या कृष्णधवलमध्ये त्या गुलालाची राख झाली आहे. त्या प्रतीत कडेचा चाचीचा हातही तू कापलास. तेवढा हात असता तरी कोणी तरी जवळ आहे असं वाटलं असतं.

कय्यूमचाचांनाही दाखवला. त्यांच्याच स्टुडिओत तू कॅमेरा धरायला शिकलास, म्हणून त्यांचं मत घ्यावं म्हटलं. त्यांनी फोटो बघताच खुर्चीवरून उठून विचारलं, की ठमाबाई कधी गेल्या. मी हसले तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. त्यांच्याकडे श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला कोणी आलं की पहिलं काम रंग काढायचं असतं. जिवंत माणसाचा रंग आम्ही काढत नाही, असं त्यांनी तुला कळवायला सांगितलं आहे.

आईचा निरोप एवढाच, की रंगीतच दे. हे तिचंच म्हणणं आहे, माझं म्हणशील तर माझंही तेच.

जेवण वेळेवर करत जा. माया आहे, ती गृहीत धरू नये.
तुझी ताई,
नूतन


पुणे
२० जुलै २०२४

ती. नूतनताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

आधी चांगली बातमी. फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. पेपरात छापून आला, कात्रण जोडलं आहे. लोक त्याच्यापुढून हलत नाहीत. एक म्हातारे गृहस्थ तर खुर्ची मागून घेऊन समोर बसले होते.

आता दुसरं. मी कृष्णधवलच दिला. शेवटच्या दिवसापर्यंत रंगीतच द्यायचा होता, पण सरांनी दोन्ही शेजारी ठेवले आणि विचारलं, की यातला कोणता लोकांच्या लक्षात राहील. मला खोटं बोलता आलं नाही. रंगीत फोटो गावाकडच्या मिरवणुकीचा वाटतो, ताई. तसे हजार असतात.

फोटोखालची ओळ मी लिहिलेली नाही, ती संयोजकांची आहे. ‘सारं काही गेल्यावर. गडचिरोलीच्या जंगलातली एक अनामिक आई.’ मी बोलणार होतो, पण बक्षिसाच्या दिवशी कसं बोलणार. शिवाय हेच लोक दोन वर्षांची शिष्यवृत्ती देतात आणि माझं नाव त्यात पुढे आहे. ते एकदा ठरू दे, मग सगळं नीट सांगतो. कात्रण आईला दाखवताना खालची ओळ दुमडून दाखव.

रागावशील, पण माझ्यावर लोभ ठेवूनच रागाव.
तुझा,
अश्विन


ता. कुरखेडा
११ ऑगस्ट २०२४

चि. अश्विन यास,
अ. उ. आ.

ओळ दुमडायची वेळच आली नाही. तुझं पत्र पोचायच्या आधी फोटो गावातल्या सगळ्या फोनवर पोचला होता.

अहेरीचे दसरूमामा परवा पहिल्या बसने निघून आले. मामीने अंगणातच गळा काढला. आई मागच्या वाफ्यातून चिखलाचे हात घेऊन पुढे आली, तर मामी आणखीच मोठ्याने रडायला लागली. फोटो काळापांढरा, खाली ‘सारं काही गेल्यावर’, त्यांनी दुसरं काय समजावं. चहा पिऊन झाल्यावर सगळे हसले. आई हसली नाही.

खरं झालं ते ग्रामसभेत. मागच्या वेळी पडलेल्या पार्टीच्या एकाने उभं राहून विचारलं, की सरपंचबाई इथं खुर्चीवर बसतात आणि पुण्यात जाऊन गरिबीचे फोटो दाखवतात, त्यांचं नेमकं काय गेलं आहे ते गावाला सांगावं. माणसं हसली. आपल्या वस्तीतलीही दोन हसली. आईने नळाच्या पाइपलाइनचा विषय पुढे घेतला. घरी येऊन मला एवढंच म्हणाली, की अश्विनले सांग, माहं नाव सांग म्हणावं त्या लोकायले आन मी काऊन रडली ते सांग, बाकी मले काई नाई पाहिजे.

शिष्यवृत्ती ठरल्यावर सांगतो, असं लिहितोस. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? शिष्यवृत्ती त्या खोट्यावरच मिळणार आहे, मग मिळाल्यावर खरं कोण बोलणार आणि कसं? मला तुझी लाज वाटते, हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण वाटते. तू रंग काढलास त्यात तुझी कला असेल. आईचं नाव काढण्यात कोणती कला आहे, ते मला शिकव.

संयोजकांना पत्र लिही आणि मला त्याची प्रत पाठव. तोवर मायेचं काही विचारू नकोस.
नूतन


पुणे
२ सप्टेंबर २०२४

ती. नूतनताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. पत्राने हे काम होणार नाही. प्रदर्शन आता नागपूरला येतंय. २२ तारखेला, रविवारी दुपारी, आम्हा प्रत्येकाला स्टेजवर बोलायचं आहे. तिथेच सगळ्यांसमोर सांगतो. आईचं नाव, निवडणूक, गुलाल, सगळं. आईची शपथ.

एकच विनंती, तिला घेऊन येऊ नकोस. ती समोर बसलेली असली तर मला बोलता येणार नाही.

तोवर लोभ शिल्लक असेल तर राखून ठेव.
तुझा,
अश्विन


ता. कुरखेडा
२५ सप्टेंबर २०२४

चि. अश्विन,

हे पत्र मी माह्या हातानं लिहून राह्यली. नूतनले माहीत नाई. अक्षर वाकडं आहे, समजून घेशील. निवडून आली तेव्हा सहीपुरतं येत होतं, बाकीचं नूतननं शिकवलं.

तू तिले लिहिलेलं पत्र मी वाचलं. मले आणू नको म्हणून लिहिलं होतं. मले वाटलं, पोरगा लाजून राह्यला. नूतन शाळेच्या कामाले वडशाले गेली होती. म्हणून मी आन खैरुन दोघी रविवारी सकाळच्या बसनं नागपूरले गेलो. तुले दिसाचं नाई, ऐकाचं आन वापस याचं, असं ठरवलं होतं.

माहा फोटो दरवाजाएवढा मोठा लावला आहे. त्याच्यासमोर एक बाई उभी राहून डोळे पुसत होती. मी तिच्या बाजूले उभी राह्यली. तिनं माह्याकडे पाह्यलं, थोडी सरकली, मले पाहाले जागा देली. तिनं ओळखलं नाई. तिचं काई चुकलं नाई, त्या फोटोत मले मीच ओळखाले येत नाई.

मंग आम्ही मागच्या रांगेत बसलो. तुले स्टेजवर बोलावलं. तू वाळला आहेस. खालून एका माणसानं विचारलं, का ही बाई कोण आहे, तिचं पुढं काय झालं. मी पदर नीट केला. मले वाटलं आता तू सांगशील, आन कोणी मागं वळून पाह्यलं तं आपण बरं दिसलं पाहिजे.

तू सांगितलं, का ती जंगलातल्या रस्त्यावर भेटली होती. तिची बोली तुले समजली नाई. नाव विचाराची हिंमत झाली नाई. मंग ती कधी दिसली नाई. लोकायनं लय वेळ टाळ्या वाजवल्या. खैरुन उठून उभी राह्यली होती, तिले मी हात धरून खाली बसवलं. तिथी तुले कोणी हसलं असतं तं मले पाहावलं नसतं.

बसमध्ये खैरुन रडली. मी नाई रडली. घरी आल्यावर नूतनले सांगितलं, का अश्विननं समदं खरं सांगितलं, माहं नावबी घेतलं. तिले लय बरं वाटलं. ती तुले पत्र लिहीन, त्याले नीट उत्तर दे. मी तिच्यासंग पयल्यांदा खोटं बोलली, ते आता तू सांभाळ.

रंग काढला ते मी समजून घेतलं असतं. त्यातलं तुले जास्त समजते.

सुट्टी लागली का ये. तुही खोली झाडून ठेवली आहे. फक्त गावच्या स्टँडवर उतरशील तेव्हा एखादा नवा माणूस विचारन, का तू कोणाचा. काय सांगाचं ते बसमध्येच ठरवून ये.

ठमाबाई लहानू उंदिरवाडे