दारातलं ताक

१४ जानेवारी १९६२
आणखी सहा गेली. सकाळी टोपली उचलली तर कोपऱ्यात एकावर एक पडलेली. मागच्या बाजूला पांढरं, चुन्यासारखं वाळून घट्ट झालेलं. साठ पिलं आणली त्याला आठ दिवस झाले. बेचाळीस उरली. ललिता म्हणते, "आता मोजू नका."
बुद्धवंदना म्हणताना हिंसा न करण्याच्या पहिल्याच शीलापाशी अडखळलो. मारत मी नाही. पण आणली मीच!

१५ जानेवारी
बडनेऱ्याहून ढोरांचे डॉक्टर आले. मेलेलं एक पिलू चिरून आतडं दाखवलं. पांढरी हगवण. कोंबडीच्या अंड्यातूनच येते म्हणाले. पाणी उकळून द्या, आणि आंबट ताक पाजून पाहा. ताकातही जंतू असतात, पण ते भले. त्यांनी पोटात ठाण मांडलं की वाईटांना जागा उरत नाही.
ताक — नेमकं ताक! आमची शेळी आटलेली. आणि गावात ताक कोणी विकत नाही. मागून आणायचं असतं.
छप्पन साली दीक्षा घेऊन नागपूरहून आलो, त्या दिवशी आईचं ताकाचं मडकं अंगणात फोडलं होतं. लेक मैना तेव्हा तेरा वर्षांची. तिला जवळ घेऊन सांगितलं होतं — बाई, या घरातलं कोणी आता ताकासाठी कोणाच्या दारात उभं राहणार नाही.

१६ जानेवारी
गेलो नाही. चार मेली.

१७ जानेवारी
गेलो.
देशमुखांच्या दुर्गाबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. "काहून पुंजाजी, आता चालते का आमचं ताक?"
पिलांसाठी पाहिजे म्हटलं. हसल्या. "मंग कोंबड्याइनं नाही घेतली वाटते दीक्षा."
लोटी मी खाली धरली, त्यांनी वरून ओतलं. थोडं मनगटावर उडालं. पाच वर्षांनी! वाटेत पुसलं नाही. आपोआप वाळलं.
घरी ललिताला म्हटलं, पाण्यासारखं हेही उकळून घे. रोगी पोटात कच्चं कशाला घालायचं?

२० जानेवारी
तीन दिवसांत आठ गेली. डॉक्टर आले होते. उकळल्याचं सांगितलं तर कपाळाला हात लावला. भले जंतू तुम्हीच मारले की, म्हणाले.
म्हणजे ज्याच्यासाठी दारात उभा राहिलो, तेच चुलीवर मारून टाकलं. तीस उरली.

२१ जानेवारी
पुन्हा दारात. आज दुर्गाबाईंनी टोमणा मारला नाही. "रोज येत जा. पिलाइले मरू देऊ नका," म्हणाल्या. ओतलं मात्र वरूनच.

२९ जानेवारी
चार दिवस एकही नाही. सव्वीस आहेत. दाणे टिपायला धावतात.
वाकड्या बोटाचं एक पिलू उभंच राहत नव्हतं. चोच उघडून कापसाच्या बोळ्यानं ताक पाजत गेलो. आज चाललं. सगळ्यांत जास्त ताक त्याच्याच पोटात गेलं असेल.

२ ऑगस्ट
कोंबडे विकले. उरल्या पंधरा कोंबड्या. सगळ्या अंड्यावर आल्या. परवा डॉक्टर रक्त तपासायला येणार आहेत.
मला भीती कसली वाटते?

४ ऑगस्ट
पंखाखालची शीर टोचायची. काचेवर रक्ताचा थेंब, त्यावर जांभळं औषध. थेंब सारखा राहिला तर कोंबडी चांगली. दाणे धरले तर रोगी. चौदा तपासल्या. नऊंनी दाणे धरले.
डॉक्टर म्हणाले, ताकानं या जगल्या हे खरं. पण रोग गेला नाही, पोटात दडून बसला. अंड्यातून पिलांत उतरेल. मारा, आणि चुना टाकून पुरा. निघताना थांबले.
"एवढ्याच ना, पुंजाजी?"
"एवढ्याच."
पंधरावी घरात टोपलीखाली होती. वाकड्या बोटाची.
नऊ माना मीच मुरगाळल्या. दुसऱ्याला सांगितलं असतं तर पाप काही त्याच्याकडे गेलं नसतं. पहिलं शील नऊ वेळा मोडलं. खोटं न बोलण्याचं, एकदा.

५ ऑगस्ट
वंदनेला बसलो नाही.

१९ ऑगस्ट
मैना आठ दिवस माहेरी राहून आज बाळापूरला गेली. डॉक्टर पुढल्या महिन्यात परत येतो म्हणालेत. ती लपवलेली कोंबडी घरात ठेवणं शक्य नव्हतं. मैनाच्या पिशवीत घालून दिली. तिला किती आनंद झाला!
ललिता मोटरीपर्यंत माझ्या मागे मागे होती. "पोरीले सांगून तर द्या." नाही सांगितलं. जी एवढं ताक प्याली, तिच्या पोटात वाईट काय उरलं असणार — असं मनाला समजावलं. मोटर गेली.

१४ ऑक्टोबर
मैनाचं कार्ड आलं. "बाबा, तुमच्या कोंबडीची अंडी गावठी कोंबडीखाली बसवली होती. बारा पिलं निघाली. सात पांढरं हगून मेली. आईनं तुमचं सांगितलं होतं, म्हणून मी ताक पाजून राहिली. उकळत नाही. समोरच्या वाड्यातून मागून आणते. वरून ओततात, पण देतात. तुम्ही काळजी करू नका."