राईत बोललेलं

२ ऑक्टोबर २०२४
आज आंदर मावळात पोचले. तळेगावच्या शाळेतून महिनाभर रजा काढली म्हणून घरच्यांनी वेड्यात काढलं, पण काय सुंदर जागा आहे! भातं पिवळी पडू लागलीत. महिपती आबा आणि रतनबाईंच्या पडवीत माझी सोय झालीय. आल्या आल्या रतनबाईंनी नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली. गावच्या देवराईत परदेशातून आलेली घाणेरी माजलीय; ती काढून तिथं मूळची झाडं परत आणायची, एवढंच आमचं काम. लोणावळ्याहून श्रीयश हा तरुण कार्यकर्ता रोज मोटारसायकलनं येणार, बाकी सगळी गावची माणसं.
आबांची अट एकच. राईत हात चालवायचे, तोंड नाही. तिथं बोललेलं राई धरून ठेवते म्हणे. मी विषय बदलला.

५ ऑक्टोबर
घाणेरी वरून छाटली की दुपटीनं फुटते. जमिनीखाली खणून मूळच तोडायचं, आणि झुडूप उलटं, मुळं आभाळाकडे करून ठेवायचं, म्हणजे पुन्हा रुजत नाही. हातांना फोड आलेत. पण मुकाट्यानं काम करणं माझ्या स्वभावात नाही. दुपारी माणसं मरगळलेली पाहून देवाच्या जोत्यावर चढले आणि बोलले. वीस वर्षं सभा गाजवल्यात. माणूस कशानं पेटतो ते मला कळतं. शेवटी म्हणाले, "जे जे बाहेरून आलं, ते ते मुळासकट उपटलं पाहिजे. एकही शिल्लक ठेवायचं नाही."
टाळी पडली नाही. फक्त रतनबाई पदराआड हसल्या. "मी बी बाहेरचीच की, बाई. भाजे गावची. मला कवा उपटताय?"
मी हसले. आबांचा चेहरा पांढरा पडला होता.

९ ऑक्टोबर
जांभूळ, हिरडा, अंजनी. रोपवाटिकेतून आणलेली तीस रोपं काल लावली. आज सगळी उपटलेली, रांगेनं उलटी ठेवलेली, मुळं आभाळाकडे. श्रीयश म्हणतो, गावातलंच कुणीतरी चिडलंय. मलाही तसंच वाटतं.
मात्र सोपान गुराखी संध्याकाळी सांगत आला की बाईंचं भाषण आज लय लांबलं. आज दुपारभर मी लोणावळ्यात होते, नवी रोपं बघायला.

१४ ऑक्टोबर
श्रीयश गेला. भर दुपारी, आम्ही ओढ्यावर पाणी प्यायला गेलो तेवढ्यात. रोपासाठी खणलेला खड्डा जेमतेम वीतभर खोल होता. त्यात तो छातीपर्यंत, डोकं खाली, पाय वर — पोलीस म्हणाले, तोल गेला असेल.
ओढ्यावर आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. राईतून. माझा आवाज. जे जे बाहेरून आलं —
मीही बाहेरचीच, मग मला का सोडलं, असं आबांना विचारलं. म्हणाले, शब्दच तुमचा, तुमाला कशाला हात लावंल.

१६ ऑक्टोबर
रतनबाईंच्या पायांना ओढ लागलीय. राईकडे. बाजेला बांधून ठेवलंय. भाज्याला भावाकडे न्यायला जीप आणली, तर शिवेवर त्यांची पावलं मागे वळू लागली. घोट्यांची हाडं वाजली. परत आणलं.
आबा मला शिव्या देत नाहीत. द्यायला हव्यात.
शब्द परत घेता येतो का, म्हणून विचारलं.
"ठावं न्हाई. आजवर कुणी तितं एवढं बोललंच न्हाई."

१७ ऑक्टोबर, सकाळ
दोर तुटलेला. रतनबाई राईत. उताण्या. केस मातीत गेलेत, ओढले तरी निघत नाहीत —
मी जोत्यावरून बोलतेय. चाळीस वर्षं हिनं इथं भात लावला. तीन लेकरं इथं जन्माला घातली. मी चुकले. बोलत असते तोवर माती थांबते. दम घेतला की —

दुपार
घसा बसला. पाण्यानंही सुटत नाही. आबा माझ्या जागी बोलताहेत, पण माती त्यांचं ऐकत नाही.
माथ्याकडून कपाळापर्यंत मातीत गेल्या. डोळे उघडे आहेत. माझ्याकडेच —

आवाज संपला. वही मातीसमोर धरलीय. मोठ्या अक्षरात. राईला वाचता येत असेल तर —
रतनबाई इथल्याच.
रतनबाई इथल्याच.
रतनबाई इथ