यज्ञाचं शेवटचं न्हाणं

५ फेब्रुवारी, बुधवार
हे आले! तीन वर्षांनी. पुण्याहून, एक पिशवी घेऊन. गावच्या यज्ञात आमचं घर यजमान. सासूबाई न्हाईत, म्हणून सासऱ्यांच्या जागी आमी दोघं बसणार. गुरुजींनी बजावलं होतं, "बायकोबिगर यजमान बसत न्हाई." म्हणून आले. माझ्यासाठी न्हाई.

६ फेब्रुवारी
माझ्या पदराला त्यांच्या उपरण्याची गाठ. दिवसभर शेजारी. बोलले ते फक्त गुरुजींशी!

८ फेब्रुवारी
आमची आरोही असती तर बारा वर्षांची झाली असती. मोटारसायकल घसरली तवा ती त्यांच्या मागं बसलेली. दवाखान्याच्या दारात मी सगळ्यांदेखत बोलले — "तुमी मारलं माझ्या लेकराला." महिन्याभरात त्यांनी गाव सोडलं. चूक त्यांची नव्हती. मला माहीत होतं. तरी बोलले.

९ फेब्रुवारी, रविवार
आज अवभृथ स्नान, यज्ञाची सांगता. वाजतगाजत गावच्या नदीवर, आमच्या गंगेवर गेलो. गुरुजी म्हणाले, "जे काय चुकलंमाकलं असंल ते पाण्यात सोडा. नवरा-बायकोनं एकमेकांची पाठ चोळा." काठावरच्या बाया हसल्या. पाणी कमरेइतकं, लई गार. त्यांनी माझी पाठ चोळली — हलक्या हातानं. मग मी त्यांची. खांद्यावर अपघाताचा वण अजून हाय. त्यावर हात थांबला, रडूच फुटलं. मी बोलणार तेवढ्यात तेच म्हणाले, "वनमाला, मला माफ कर."
"केलं," मी म्हणले. "तुमीबी मला करा."
ते नुसते तोंडावर पाणी मारत राहिले.
जुनी कापडं पाण्यात सोडली, नवी नेसलो. गाठ सोडली. चारच्या गाडीनं ते पुण्याला गेले.

१० फेब्रुवारी
आज मी पोटभर जेवले. सासरे बघत होते. म्हणाले, "जा बाई त्याच्याकडं. कशापायी थांबतीस? माझं भागंल हितं." — मी बॅग काढली.

१२ फेब्रुवारी
येते म्हणून सांगायला फोन लावला. बाईनं उचलला. "मोबाईल घरीच विसरून गेलेत. मी त्यांची मिसेस बोलतेय." मागं तान्हं लेकरू रडत होतं.
गंगेत माफी मागितली ती ह्याची! अन् मी देऊन बसले.
"आपण कोण?" तिनं विचारलं.
मी म्हणले, राँग नंबर.