कोरी चिठ्ठी

मस्किंगम नदीकाठ, नोव्हेंबर १७७४

प्रिय बहीण रोझिना हिला गॉटलोबचा प्रभूमध्ये सलाम.

मी बरा आहे. खोकला आहे, पण पहाटेचाच. तुझे गुडघे कसे आहेत?

सुताराची विधवा सलोमी हिच्याशी लग्न करू का, असे मी इथल्या चर्चच्या मंडळीला विचारले होते. रविवारी मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी प्रार्थना करून प्रभूपुढे चिठ्ठी काढली. "हो" आली नाही, "नाही"सुद्धा आली नाही. कोरी आली, म्हणजे थांबा. अडुसष्टाव्या वर्षी किती थांबायचे गं?

सलोमीच्या दारात उभा राहून मी हेच कुरकुरत होतो. ती म्हणाली, "थांबायचंच आहे ना, बंधू? मग उभ्यानं कशाला? बसून थांबा." तिने स्टूल उंबऱ्याबाहेर ठेवले आणि स्वतः आत सूत कातत बसली.

घरी येऊन चुकून दोन वाट्या काढल्या. एक परत ठेवली.

ईस्टरनंतर पुन्हा चिठ्ठी काढतील. माझ्यासाठी प्रार्थना कर. "हो" यावी म्हणून नको, प्रभूला घाई करणे बरे नाही. मी तोवर टिकावे, एवढेच माग.

तुझा थोरला भाऊ,
गॉटलोब