सात मिनिटे पुढचे घड्याळ

सकाळी आठच्या बातम्यांआधी मी अंगणात रेडिओ घेऊन उभी राहायची आणि माझे यजमान देवराव समोरच्या मनोऱ्यात चढून घड्याळाच्या काट्याला हात लावून वाट बघायचे. रेडिओवर टूं-टूं सुरू झाले की मी पदर उंच धरायची, आणि शेवटचा लांब टूं वाजला की सोडून द्यायची. पदर खाली आला की काटा सुटला. चुलीवर भात असायचा, माझी शाळा भरायची असायची, तरी हे काम चुकले नाही. दिल्लीची वेळ आमच्या गावात माझ्या पदराने उतरायची, हे आज कोणाला सांगितले तर हसतील. हसोत.

मी, श्रीमती संघप्रिया देवराव भैसारे, वय सदुसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार मौजा साजटोला, जिल्हा गडचिरोली, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने माझी ही शेवटची इच्छा लिहून ठेवते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या बुद्धीविषयी शंका असणाऱ्यांसाठी डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तो वाचता येत नसेल तर मी शिकवलेल्या कोणाही मुलीकडून वाचून घ्यावा.

एक. राहते घर माझे पुतणे सुरज यांना द्यावे. ते वर्षातून दोनदा येतात आणि चप्पल काढायच्या आधी विचारतात, "काकू, घराचे कागद कुठी ठेवले?" कागद कपाटात, साड्यांच्या खाली आहेत. आता निदान तब्येत विचारायला मोकळे झाले. मात्र मागच्या खोलीत राहणाऱ्या ठमाबाईंना त्या हयात असेपर्यंत कोणी हलवू नये. बावीस वर्षे त्यांनी माझ्या घरात माझ्याशी भांडण केले आहे, आणि हा हक्क सुरजच्या हक्काहून मोठा आहे.

दोन. बँकेत जे काही असेल ते ठमाबाईंच्या औषधपाण्याला लावावे.

तीन. देवरावांची हत्यारे, म्हणजे भिंग, बारीक पेचकस, चिमटे आणि तेलाची कुपी, चौकात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या नागसेनला द्यावीत. त्याला वाटते की घड्याळजी म्हणजे सेल बदलणारा माणूस. पण त्याचा हात हलका आहे, आणि हलका हात शिकवता येत नाही.

माझे लग्न ठरले तेव्हा आमच्या घरी सुतक असल्यासारखे झाले होते. चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेली मुलगी, आणि नवरा घड्याळजी! माझी मोठी वहिनी म्हणाली होती, "हिच्या इंग्रजीले तो चावी देईन का?" वहिनी आता नाहीत, म्हणून त्यांना काही ठेवत नाही.

चार. माझ्या मरणानंतर त्रिशरण-पंचशील घ्यावे, चहा द्यावा आणि लोकांनी घरी जावे. चौकात माझ्या फोटोचे बॅनर लावू नये. जिवंतपणी ज्यांनी मला बाकावर जागा दिली नाही त्यांची हात जोडलेली चित्रे माझ्या फोटोखाली नकोत.

पाच. आता मनोरा आणि त्याखालची जागा.

ही सहाशे चौरस फूट जागा माझ्या सासऱ्यांची. गावाने वर्गणी करून त्यावर मनोरा बांधला आणि बंद पडलेल्या लाकूड डेपोचे घड्याळ आणून चढवले. जागा पंचायतीची कधीच नव्हती. सरपंच गोपाळ यांना ती कॉम्प्लेक्ससाठी हवी आहे. ते दर पंधरा दिवसांनी येतात, चहा अर्धा ठेवतात आणि म्हणतात, "बाई, गावाच्या विकासाले आडवं नका येऊ."

ते घड्याळ सात मिनिटे पुढे होते. हे देवरावांनी केले, जाणूनबुजून केले. एकदा जंगलातल्या टोल्यावरून, म्हणजे चार घरांच्या पाड्यावरून, रुखमाबाई नावाची बाई तापाने फणफणलेले लेकरू घेऊन चालत आली आणि तिच्या डोळ्यांदेखत दवाखान्याच्या गावची बस सुटली. त्या रात्री देवराव जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी पदर सोडला तेव्हा त्यांनी काटा आठवर नाही, आठ वाजून सात मिनिटांवर सोडला. मी ओरडले. ते वरूनच म्हणाले, "साहेबाचा टाइम साहेबाच्या गाडीले. पायी येनाऱ्याले सात मिनिटं जास्त लागतात."

आमचे गाव इतके हुशार की वर्षभरात सगळ्यांना गुपित कळले आणि जो तो घड्याळ बघून मनात सात वजा करू लागला. टोल्यावरून येणारेही शिकले. म्हणजे उपकार केला तो फुकट गेला, फक्त सवय उरली. तरी देवराव रोज रेडिओवर वेळ जुळवून बरोबर सात मिनिटेच पुढे ठेवायचे. सहा नाही, आठ नाही. ते गेल्यावर तेच काम मी केले.

मग दोन वर्षांपूर्वी चौकात पंचायतीचे नवे घड्याळ आले आणि जुने थांबले. लाल आकड्यांचे, देशाच्या अधिकृत वेळेशी उपग्रहावरून आपोआप जुळणारे. उद्घाटनाला पाहुणे दोन तास चाळीस मिनिटे उशिरा आले आणि वेळेच्या महत्त्वावर बोलले. लाल आकडे तेवढा वेळ आमच्या डोक्यावर एकेक मिनिट मोजत होते. लाइट गेली की साऱ्या देशाची वेळ आमच्या चौकात काळी ठिक्कर पडते, ते निराळेच.

पण लोकांची सवय काही उपग्रहावरून बदलली नाही. खिशात मोबाइल होते, तरी वेळ बघायला मान वरच जायची. नवीन घड्याळ अचूक होते, आणि गाव अजूनही त्यातून सात वजा करत होते. पाच दिवस बसच उशिरा निघाली म्हणून निभावले. सहाव्या दिवशी, सोमवारी, सात-चाळीसच्या बसला जायला अकरा माणसे टपरीवर चहा पीत बसली होती. त्यात माझी विद्यार्थिनी दिव्यानी होती. नर्सिंगच्या प्रवेशाची तिची शेवटची फेरी होती, गडचिरोलीत अकराच्या आत कागद दाखवायचे होते.

ती म्हणाली, "काका, घड्याळ नवा हाये न जी?"

टपरीवाला म्हणाला, "घड्याळ नवा असंन, गाव तं तोच हाये! बस, सात मिनिटं हायेत अजून."

बस त्या दिवशी वेळेवर सुटली. दुसरी बस दुपारची. दिव्यानीची जागा दुसऱ्या कोणाला गेली.

पुढच्या ग्रामसभेत गोपाळ यांनी ठराव केला: मयत देवराव भैसारे यांनी अधिकृत वेळेत हेतुपुरस्सर फेरफार करून ग्रामस्थांस चुकीची सवय लावली, सबब त्यांचा निषेध. मेलेला माणूस उत्तर देत नाही, म्हणून ठराव एकमताने झाला.

सहा. येथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. ती मी कोणापाशी बोललेली नाही.

उद्घाटनाच्या तीन दिवस आधी गोपाळ माझ्याकडे आले होते. त्यांनी विचारले, "बाई, जुन्या घड्याळाचं काई सांगाचं असंन तं सांगा. माइकवर बोलून देतो." या माणसाने आयुष्यात एकदाच शहाणा प्रश्न विचारला, आणि तो मला विचारला. मी म्हणाले, "तुमचे घड्याळ आकाशातून चालते. मला काय विचारता?" ते उत्तर मला तेव्हा फार आवडले होते. लोक सात वजा करणार हे मला ठाऊक होते. फजिती होऊ दे, मग देवरावांची आठवण येईल, असे मी मनात म्हणाले.

त्या सोमवारी दुपारी दिव्यानी माझ्या पायरीवर येऊन बसली. रडली नाही. एवढेच म्हणाली, "बाई, तुम्हाले मालूम होतं न?"

मी तिला पाणी दिले. उत्तर दिले नाही. हे माझे उत्तर समजावे: हो, मालूम होते.

सात. म्हणून मनोरा व त्याखालची संपूर्ण जागा मी दिव्यानी हिला देते. कोणतीही अट नाही. तिने ती भाड्याने द्यावी, दुकान टाकावे, मनोरा पाडावा, किंवा गोपाळ यांनाच विकावी. विकल्यास त्यांनी आणलेला पहिला भाव घेऊ नये. तिचे शिकायचे वय अजून गेलेले नाही.

ठरावात देवरावांच्या नावाच्या जागी माझे नाव घालावे. या कागदाची एक प्रत ग्रामसेवकांना द्यावी आणि सहावे कलम ग्रामसभेत मोठ्याने वाचावे. गोपाळ यांनी स्वतः वाचल्यास हरकत नाही. आपली चूक नव्हती, हे स्वतःच्याच तोंडून ऐकायला त्यांना बरे वाटेल.

जागेचा ताबा मी आजच सोडला आहे. बक्षीसपत्राचे कागद दुय्यम निबंधकांकडे दिले असून कुलपाची किल्ली दिव्यानीला पोचवली आहे. माझ्या मरणाची वाट बघण्याइतकाही उशीर तिला पुन्हा माझ्यामुळे होऊ नये.

लिहून देणार: संघप्रिया देवराव भैसारे (सही)

आमच्यासमोर वाचून, समजून सही केली:
१. गुलाब मारोती रामटेके, निवृत्त वनरक्षक (सही)
२. स्वाती प्रमोद उंदीरवाडे, अंगणवाडी सेविका (सही)

साजटोला, जिल्हा गडचिरोली
३ फेब्रुवारी २०२६