सहा शेर शाळू

९ जानेवारी १९३१

मांडी मोडली. उजवी! होटगीच्या रेल्वे यार्डात रुळांचा सांधा बदलून वळलो, तर स्लीपरांची चळत अंगावर आली. स्टेशनमास्तरांनी प्रथमोपचाराचं पुस्तक उघडून पाय बांधला — काखेपासून घोट्यापर्यंत त्यांची लांब छत्री, मधे गोणपाट, आणि माझा धड पाय मोडक्याला जखडून टाकला. मी बोंबलतोय, "मास्तर, ह्यो चांगला हाय!" ते म्हणाले, "त्याचाच आधार द्यायचाय. गप पड." फडकी संपली तेव्हा बावटे गुंडाळले. लाल बावटा बघून मालगाडीचा ड्रायव्हर मला घेऊन निघायलाच तयार होईना.

११ जानेवारी

सोलापूरच्या दवाखान्यात आहे. डॉक्टर म्हणाले, बांधलं बरं. पण हाडाची टोकं एकमेकांवर चढलीत, वजन टांगून पाय ओढत ठेवायचा. वजन किती? अंगाच्या वजनाचा दहावा हिस्सा. मास्तरांनी मला पार्सलच्या काट्यावर तोललं होतं — छत्रीसकट साडेसाठ शेर. डॉक्टरांनी छत्रीचा अर्धा शेर वजा केला. राहिले सहा शेर.

लोखंडी वजनं दुसऱ्यांच्या पायाला अडकलेली. मग आईनं घरातला होता नव्हता तेवढा शाळू आणला. पिशवी भरली, तोलली, कप्पीवरून टांगली. "कमी झालं तर पाय आखूड, जास्त झालं तर लांब," डॉक्टरांनी बजावलं. रेल्वेच्या साहेबाचाही निरोप आलाय — लंगडा सांधेवाला चालणार नाही. म्हणजे सगळा संसार त्या पिशवीला लोंबकळतोय.

२ फेब्रुवारी

सकाळी आई बसते, दुपारी रंभा. सासूसून एकत्र येतच नाहीत. लग्न झाल्यापासून एकीनं मीठ घातलं की दुसरी पाणी ओतते. मधे मी बेचव.

सकाळी पाय लई ओढतो, दुपारी सैल पडतो. डॉक्टर म्हणाले, हवेचा फरक. हवेचा!

१७ फेब्रुवारी

रंभानं शाळूची भाकरी आणली. झकास. घरात तर आता नुसती बाजरी, मग शाळू कुठला? "गुमान खावा की," म्हणाली.

२० मार्च

पाय मोजले. टेप तीनदा लावली. दोन्ही सारखे! मी रडलो, लपवलं नाही. डॉक्टर म्हणाले, "याला म्हणतात हिशेब."

२१ मार्च

घरी निघताना पिशवी सोडली. आत बाजरी! शाळू औषधापुरता. काट्यावर टाकली — बरोबर सहा शेर.

आई म्हणाली, "पाय आखूड ऱ्हाईल म्हणून रोज मूठभर घालत हुते."

रंभा खाली बघत म्हणाली, "ह्ये कण्हायचे, म्हणून मी रोज मूठभर काढत हुते."

म्हणजे दोन महिने मी माझंच वजन खाल्लं.

डॉक्टरांना काही सांगायचं नाही, असं दोघींनी मिळून ठरवलं.